मशीन पुलापर्यंत आली, मोहापर्यंत नाही : मंत्रिमहोदयांस खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपण आमच्या पुलाच्या उद्घाटनाला आलात, त्याबद्दल आभार. आदल्या दिवशी बॉम्बशोधक पथक आलं होतं. कुत्रा, लांब दांड्याची मशीन, कानाला हेडफोन. चार किलोमीटर डांबरी रस्ता, मोऱ्या, पुलाखालचे पाइप, सारं तपासलं. त्याच सकाळी माझी बायको मोहाच्या झाडाखालचा पाला जाळत होती. राखेतून सुरुंगाची असावी तशी काळी तार दिसली. दोन बोटं वर, बाकी जमिनीत. ती आपल्याच पावलांच्या खुणांवर पाय ठेवत मागे सरकली. मी कुबडी टेकत पथकाच्या साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, आमची ड्यूटी रस्त्यापुरती. अर्ज करा, लोकेशन पाठवा. इथं रेंजसाठी झाडावर चढावं लागते, आणि मला चढता येत नाही.

का येत नाही तेही ऐका. सहा वर्षांपूर्वी तेंदूच्या हंगामात डावा पाय घोट्याच्या वरून गेला. सत्तर पानांचा पुडा हातात होता, एक पाऊल टाकलं, एवढंच आठवते. आवाजसुद्धा आठवत नाही. नागपूरच्या शिबिरात जयपूर फूट मिळाला. धानाच्या बांधीच्या चिखलात त्याचं रबर फाटते, मग सायकलच्या ट्यूबने आवळतो. एक साहेब दवाखान्यात आले होते, जंगलातल्या वाटा तपासू म्हणाले, फोटो काढला. फोटो छापून आला. वाटा तशाच आहेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल्यांचा मोठा नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. बरं झालं. पण पुरलेला सुरुंग शरण येत नसते, साहेब. पुरणारा मेला, पळाला, जागा विसरला, तरी दारू तिथंच. शरण आलेल्यांना कोणी विचारलं का, बाबांनो, कुठं कुठं पुरलं ते दाखवा?

यंत्र नाही म्हणू नका. पुण्यातल्या डीआरडीओच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या, प्रयोगशाळेने आणि बंगळूरच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेने २०२१ मध्ये रेडर-एक्स नावाचं यंत्र दाखवलं. दोन मीटरवरून स्फोटक ओळखते म्हणे. कंबोडियात तर मगावा नावाच्या उंदराने शंभरावर सुरुंग आणि बॉम्ब हुंगून काढले, २०२० मध्ये त्याला सुवर्णपदक मिळालं. आमच्या धानाच्या बांधात उंदरांना तोटा नाही. हवा तर एखादा अभ्यासदौरा काढा, कुटुंबासह.

साध्या डिटेक्टरची अडचण मलाही कळते. आमची माती लोहाची. मशीन मुरमावर बोंबलते, खिळ्यावर बोंबलते, फुटक्या डब्यावर बोंबलते. प्लॅस्टिकच्या डब्यातल्या सुरुंगात मात्र लोखंड नावालाच असते. त्याला जमिनीत पाहणारा रडार लागतो, आणि ओल्या मातीत त्याच्या लहरी जिरून जातात. म्हणजे शोधायचे दिवस उन्हाळ्याचेच. पाऊस लागल्यावर फाइल हलवून काय करता?

१ मे २०१९ ला आमच्याच जिल्ह्यात जांभुळखेड्याजवळ पोलिसांची गाडी सुरुंगाने उडाली. पंधरा जवान, ड्रायव्हर धरून सोळा. आम्हीही रडलो. रस्ता तपासू नका असं मी म्हणतच नाही. पण गाडीत बसणाऱ्याच्या पायाखालची जमीन तपासायची आणि अनवाणी चालणाऱ्याची नाही, हा कुठला हिशोब? खाणीच्या ट्रकांना रुंद रस्ता एका वर्षात होते. आमचा वनहक्काचा दावा, घरकुलाचा हप्ता, धानाचा बोनस, सगळं 'प्रक्रियेत'. माझा पायही कदाचित प्रक्रियेतच असेल. अधिवेशनात आमच्या जिल्ह्याचं नाव निघते ते एकतर चकमकीत नाहीतर खनिजात. मधली माणसं कोणत्या खात्यात मोडतात, तेवढं कळवा.

मे महिन्यात तेंदूची फळी, म्हणजे पानं विकत घ्यायची जागा, लागेल. जाऊ नको म्हटलं तरी बायको जाईल, कारण पोरीची फी त्याच पैशातून जाते.

अर्ज याच पत्राला समजा. लोकेशन : पुलापासून दीड किलोमीटर, नाल्याकाठची पाऊलवाट, डावीकडचं तिसरं मोहाचं झाड. जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली आहे. उन्हाने रंग उडत चालला आहे, त्याआधी पथक पाठवा.

आपला,
एक तेंदूपत्ता मजूर, जिल्हा गडचिरोली