वय नव्हे, माप विचारा

संपादक महोदय,
स. न.

पन्नाशीनंतर बायकांनी काय घालावे, यावर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून लेख येतात. त्यात दोन तट ठरलेले. एक म्हणतो, वय काय, नुसता आकडा. खुशाल क्रॉप टॉप घाला, को-ऑर्ड सेट घाला. दुसरा म्हणतो, उभ्या रेघा घ्या, पोट झाका, चार लोकांत शोभेल असे घाला. मी साताऱ्यात बायकांचे कपडे शिवते आणि स्वतः पासष्टी ओलांडली आहे. ‘जरा बघ गं, कुठे काय चुकलंय’ म्हणून माझ्याकडे येणारे कपडे पाहता हे भांडणच मला बिनकामाचे वाटते. कपडा नव्या चालीचा की जुन्या, हे नंतर. तो कोणत्या अंगावर बेतला आहे, ते आधी बघा.

दुकानातला तयार कुर्ता बहुतेक वेळा तरुण, ताठ अंगावर बेतलेला असतो. मोठी साइज काढायची म्हणजे छाती, कंबर, खांदा, मुंढा (बाही जोडतात तो बगलेभोवतीचा घेर) सगळेच ठरावीक प्रमाणात वाढवत न्यायचे. साठीच्या बाईचे पोट सुटलेले असते, पण खांदे काही रुंदावत नाहीत. उलट ते थोडे पुढे येतात. पोटाला बसावा म्हणून ती डबल एक्सएल घेते. मग खांदा दंडावर उतरतो आणि बगलेत कापडाचा गोळा होतो. पाठीला जरा पोक आला असेल तर सगळा कुर्ता मागे ओढला जातो, पुढचा गळा घशाशी टेकतो आणि मागून घेर वर उचलला जातो. छातीचे टक्स, म्हणजे उभाराला आकार देणाऱ्या चिमट्या, तर दोन बोटे वरच राहतात. हे सगळे आरशात दिसते आणि बाई म्हणते, “आता या वयात मला काही शोभतच नाही.” तेच कापड शिवताना पाठीची उंची पाऊण इंच जास्त धरली, खांदा तिच्या मापाचा घेतला आणि टक्स खाली आणले, की तीच बाई वळून वळून आरशात बघते. रंग तोच, फॅशनही तीच.

आपल्याकडे तयार कपड्यांच्या साइझा वर्षानुवर्षे परदेशी तक्त्यांवर चालत आल्या. म्हणूनच राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, भारतीय मापांचा तक्ता करण्यासाठी ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांतल्या २५ हजार माणसांची मापे स्कॅनरने घेण्याची ती योजना. उपक्रम उत्तमच आहे. पण वयोगट ठरवला १५ ते ६५. म्हणजे पोक आलेली पाठ जिथून खरी सुरू होते, तिथे मोजणी संपते!

आणि आम्ही बायकाही काही कमी नाही. ब्लाउज टाकताना टेप लावू द्यायचा नाही, मापाला जुना ब्लाउज पुढे करायचा. माझ्या एका गिऱ्हाईक काकूंनी मागे आणलेला ब्लाउज त्यांच्या लेकीच्या लग्नातला होता. नात आता कॉलेजात जाते. उसवून उसवून आतली माया, म्हणजे शिवणीत राखलेले जादा कापड, संपलेली, बगलेत जुन्या टिपांच्या रांगा. “याचंच माप घे, फक्त जरा सैल ठेव.” कुठे सैल, हे विचारल्यावर काकू गप्प. शेवटी टेप लावला. दंड चांगलाच वाढला होता, खांदा मात्र अर्धा इंच कमी भरला. वर हौस अशी की पाठ खोल हवी, मागे नाडी आणि लटकन हवे, सुनेसारखे. पण खांदा आखडल्याने हात मागे जाईना, नाडी बांधणार कोण? मी हूक पुढे लावले आणि मागची नाडी नुसती दिखाऊ ठेवली. नातीच्या वाढदिवसाला काकूंनी तो घातला. बाही कोपराच्या वर दोन बोटे संपवली होती, कारण दंडाच्या सगळ्यात जाड जागी बाही संपली की दंड आणखी जाड दिसतो. एवढी युक्ती मात्र कोणत्याही वयात चालते.

फिक्या रंगांबद्दलही बोलायला हवे. ‘वयाला साजेसे’ म्हणून बदामी, राखाडी, फिका गुलाबी हे कोणी ठरवले? माझी आजी नऊवारी इरकल नेसायची. गर्द जांभळी नाही तर काळपट हिरवी, आणि तिला लालभडक टोपपदर. तेव्हा बाईचे रंग वयापेक्षा कुंकवावर ठरायचे, ते वाईटच होते. पण सवाष्ण म्हातारीला कोणी बदामी नेसवत नव्हते. आता खणाचे कुर्ते आणि जॅकिटे मुली हौसेने घालतात, आणि खणाच्या चोळ्या घालून मोठ्या झालेल्या बायका मला विचारतात, “या वयात चालेल का गं?” कमाल आहे.

काही नव्या चाली तर आमच्याच सोयीच्या आहेत. पलाझोला नाडीऐवजी इलॅस्टिक असते, सैल शर्टाला खिसा असतो. साडीखाली स्पोर्ट्स शूज घालायची टूम तरुण मुलींनी काढली. गुडघे दुखणाऱ्या बाईने ती डोळे मिटून उचलावी. कॉर्सेटसारखे ब्लाउज मात्र मी सरळ नको म्हणते. जेवल्यावर श्वास घ्यायची पंचाईत होते, आणि ती वयाच्या विशीतही होते.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी ‘पन्नाशीनंतर टाळायचे कपडे’ छापण्याऐवजी पाठ, मुंढा आणि दंड यांची मापे घरच्या घरी कशी घ्यायची, ते चित्रांसह छापा. मजकूर मी लिहून देईन, चित्रांचे तेवढे तुम्ही बघा.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक, सातारा