अर्थमंत्र्यांना खुले पत्र : ‘जिथं लागतील तिथं’ म्हणणाऱ्या पाचशे रुपयांविषयी

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : छोट्या ग्रामीण संस्थांच्या देणगीदारांची आणि स्वयंसेवकांची दखल घेण्याबाबत

महोदया,

सादर नमस्कार.

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेची मी खजिनदार आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर हे काम अंगावर घेतलं. मानधन घेत नाही. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्यांच्या वतीने लिहिते ते सगळे मराठी वाचतात. त्यांच्या नावाने मी आपल्याकडे काय मागितलं, हे त्यांना कळायला हवं.

आमच्या देणगीदारांपैकी एक गृहस्थ डोंबिवलीला राहतात. एसटीत कंडक्टर होते. दर वर्षी वडिलांच्या तिथीला ते पाचशे रुपये घेऊन येतात, पाकिटात घालून, पाकिटावर वडिलांचं नाव लिहून. मी पावतीपुस्तक उघडते, कार्बन सरळ करते आणि विचारते, “कशासाठी लिहू?” पावतीवर तसा रकाना आहे : शिक्षण, पाणी, आरोग्य, इतर. ते दर वर्षी एकच सांगतात, “तुम्हाला जिथं लागतील तिथं.” मी ‘इतर’वर खूण करते.

या ‘इतर’वर आमची संस्था उभी आहे. हे पत्र त्यासाठीच आहे.

छोट्या संस्थेकडे पैसा दोन वाटांनी येतो. पहिली वाट मोठ्या रकमेची. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून एखादी टाकी मिळते, सौरपंप मिळतो, शाळेला बाकं मिळतात. आम्ही त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहोत. पण त्याच कायद्यात कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही म्हटलं आहे, आणि आमच्या पाड्यांच्या आसपास कुठल्या कंपनीचं धुराडं दिसत नाही. शिवाय तो पैसा वस्तूला मिळतो. ती वस्तू चालती ठेवणाऱ्या माणसाला त्यातून फार क्वचित मिळतो. पंप बसतो, फलक लागतो, फोटो निघतो, वर्षाचा अहवाल जातो आणि प्रकल्प ‘पूर्ण’ होतो. पुढच्या वर्षी कंपनीचं लक्ष दुसऱ्या जिल्ह्याकडे जातं. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांचीही वर्षाची चौकट ठरलेली असते.

दुसरी वाट पाचशे-हजाराची. या पैशाला अट नसते. कार्यकर्त्याचा पगार यातून होतो. बालवाडीताईंचं मानधन, पावसाळ्यात पाड्यावर जायच्या मोटरसायकलचं टायर, आजारी बाईला नाशिकच्या दवाखान्यात नेण्याचं जीपभाडं, हे सगळं यातून. कोणताही मोठा दाता टायरला पैसे देत नाही. आणि टायर नसेल तर आषाढात पाड्यापर्यंत कोणी पोचत नाही.

आमच्याकडे पाऊस उदंड पडतो. घाटाच्या कुशीतला तालुका, चार महिने पागोळ्या थांबत नाहीत. आणि होळीच्या सुमाराला बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरायला लागतात. जमीन उताराची, खाली काळा कातळ, पाणी मुरत नाही, वाहून जातं. खरिपाचं भात, नागली, वरई घरात आली की पुढे पाणी नाही आणि काम नाही. मग दिवाळीनंतर घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर ‘जगायला’ जातात. आमच्याकडे स्थलांतराला हाच शब्द आहे. पोरं बरोबर गेली की त्यांची शाळा सुटते. ती गावात राहावीत म्हणून त्या महिन्यांत कुणीतरी त्यांचं जेवण, झोपणं, अभ्यास आणि रात्री भरलेला ताप बघायला लागतो. ते बघणारं माणूस आम्ही ‘इतर’मधून ठेवतो.

आता स्वयंसेवकांविषयी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला एका पाड्यावरचा सौरपंप बंद पडला. विहिरीत पाणी होतं, वर टाकी होती, मधला पंप गप्प. बसवणाऱ्या कंत्राटदाराची हमीची मुदत उलटून गेली होती. कल्याणचे एक निवृत्त वायरमन आमचे स्वयंसेवक आहेत. त्यांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी कसाऱ्याची पहिली लोकल धरून निघाले, तिथून खोडाळ्याच्या जीपने पुढे आणि शेवटचे तीन किलोमीटर चालत. कापडी पिशवीत टेस्टर, पक्कड, चिकटपट्टी आणि घरून आणलेली भाकरी. कंट्रोलरचा डबा उघडला तर आत दोन टर्मिनलच्या मध्ये पाल चिकटून जळालेली. त्यांनी ती पाल काडीने काढली, पॉलिशपेपरने पट्ट्या घासल्या, जळलेली वायर कापून नवी जोडली, फ्यूज बदलला आणि डब्याच्या तळाशी जिथून पाल शिरली ते भोक एम-सीलने बुजवलं. तोपर्यंत शाळेच्या ओट्यावर हंड्यांची रांग लागली होती. कोणी बोलत नव्हतं. नळातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. एका आजीने पहिला हंडा भरला आणि तो स्वतः न नेता त्यांच्या पायाशी ठेवला, हातपाय धुवायला.

जाताना मी त्यांच्या हातात गाडीभाडं ठेवलं. त्यांनी घेतलं नाही. “माझी पेन्शन चालू आहे,” म्हणाले.

महोदया, आमच्या ताळेबंदात या दिवसाची किंमत शून्य आहे. फ्यूजचे पैसेही त्यांनी खिशातून घातले, त्यामुळे तेही नाहीत. हाच दिवस बाजारातून विकत घ्यायचा असता, तर तंत्रज्ञाची फेरी आणि प्रवास धरून आमचा महिन्याचा खर्च कोलमडला असता.

आणि स्वयंसेवक फक्त शहरातून येतात असं कृपया समजू नका. त्या पंपाची किल्ली पाड्यावरच्या एका ताईकडे असते. रोज सकाळी पंप चालू करणं, टाकी भरली की बंद करणं, घरटी दहा रुपये वर्गणी गोळा करून बरणीत ठेवणं आणि वहीत लिहिणं, हे ती करते. तिचं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे, आणि तिच्या वहीत माझ्याहून कमी खाडाखोड असते. पाइपलाइनचा चर पाड्यातल्या लोकांनी खणला, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या आधी, सकाळी स्वतःच्या शेतावर राबून आल्यावर.

सरकारला ही गोष्ट परकी नाही. आपल्याच जल जीवन मिशनमध्ये गावातल्या योजनेच्या खर्चात लोकांचा वाटा धरला आहे : डोंगरी, वनक्षेत्रातल्या किंवा अनुसूचित जाती-जमाती बहुसंख्य असलेल्या गावांत ५ टक्के, इतरत्र १० टक्के. आणि तो वाटा पैशात, वस्तूत किंवा श्रमात देता येतो. म्हणजे घामाला मोल आहे हे शासनाने एका योजनेत मान्य केलं आहे. मग एखादी छोटी संस्था अनुदानासाठी अर्ज करते आणि ‘तुमचा स्वतःचा वाटा किती’ असं विचारलं जातं, तेव्हा त्या वायरमनचा दिवस आणि त्या ताईची वर्षभराची सकाळ त्यात का धरली जाऊ नये?

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड असायचा. दळायला बसण्याआधी घरातली बाई एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायची. अशा मुठींवर बहुजनांची पोरं जेवली आणि शिकली. त्या मुठीसाठी कोणी ओळखपत्र मागितलं नाही.

आज मागावं लागतं, आणि त्यामागचं कारण मला पटतं. मी बँकेत होते. खोट्या पावत्या देऊन कर बुडवणाऱ्या संस्था असतात हे मला माहीत आहे. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची (बोलीत ‘एटीजी’ची) वजावट, म्हणजे आयकरातली सूट, मिळत नाही, हा नियम मला योग्य वाटतो. पण २०२० च्या वित्त कायद्याने सगळ्या संस्थांना नव्याने नोंदणी करायला लावली, तीही ५ वर्षांच्या मुदतीने. २०२१-२२ पासून प्रत्येक देणगीदाराचा तपशील नमुना १०बीडीमध्ये भरायचा, मुदत ३१ मे, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. मोठ्या संस्थेत याला संगणक आणि माणसं असतात. आमच्याकडे मी आहे, आणि फी न घेता आमचं लेखापरीक्षण करणारे एक सीए आहेत. पाचशे रुपये देणाऱ्या पंच्याहत्तर वर्षांच्या बाईंना मी फोन करून पॅन विचारते तेव्हा त्या घाबरतात. वर्तमानपत्रात ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या वाचून त्यांना मुलाने बजावलेलं असतं की नंबर कोणाला द्यायचा नाही. त्यांचं बरोबरच आहे. एकदा एका पॅनमध्ये माझ्याकडून ओ आणि शून्य यांची गल्लत झाली. ते विवरण दुरुस्त करण्यात दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत मी पाड्यावर जायची होते.

२०२५ च्या अर्थसंकल्पात आपण छोट्या संस्थांच्या नोंदणीची मुदत १० वर्षं केलीत. त्याबद्दल मनापासून आभार. आमच्यासारख्यांचा विचार दिल्लीत होतो, हे त्यातून समजलं. त्या वेळी ८०जीची मुदत मात्र ५ वर्षांचीच राहिली.

आता नव्या करप्रणालीबद्दल. ती २०२३-२४ पासून आपोआप लागू होणारी प्रणाली झाली आणि तिच्यात देणगीची वजावट नाही. आपले सल्लागार आपल्याला सांगतील की खरा दाता करासाठी देत नाही. हे खरं आहे. हिशेब करून बघू : जुन्या प्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने हजार रुपये दिले, तर निम्म्या रकमेची वजावट धरून त्याचे शंभर रुपये वाचायचे. शंभर रुपयांसाठी कोणी देत नाही.

पण त्या शंभर रुपयांपायी मार्चमध्ये फोन यायचा. “ताई, एटीजीची पावती पाठवता का?” आणि पावतीच्या निमित्ताने बोलणं व्हायचं. बालवाडी कशी चालली आहे, विहिरीला पाणी किती आहे, मागच्या वर्षी दहावीला बसलेली ती मुलगी पास झाली का. फोन ठेवता ठेवता माणूस म्हणायचा, या वर्षी आणखी थोडे पाठवतो. कितीतरी जण त्या फोनमुळे पुढे स्वतः पाड्यावर आले. आमच्याकडे महिन्यातून एकदा मुलांचे दात तपासायला येणाऱ्या डॉक्टर आधी नुसत्या देणगीदार होत्या.

हे फोन आता कमी झाले आहेत. १२ लाखांपर्यंत कर नाही, याचा आमच्या पेन्शनर देणगीदारांना झालेला आनंद माझाही आहे. त्यांच्याविषयी माझी काहीच मागणी नाही. पण त्यांची मुलं पुण्या-ठाण्यात आयटीत आहेत, पगार त्याहून वर आहेत. आईवडिलांनी जपलेलं नातं त्यांच्याकडे जायची वेळ आली, नेमकी तेव्हाच ही पावती निरुपयोगी ठरली. नव्या प्रणालीत प्रमाणित वजावट आपण ठेवली आहे, मालकाने एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) भरलेल्या रकमेची वजावटही ठेवली आहे. मग लहान देणगीचीही ठेवता येईल. वर्षाला पंचवीस-तीस हजारांची मर्यादा घाला, तीही ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या, ग्रामीण भागात काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांपुरती. तिजोरीला ते जड जाऊ नये.

त्याबरोबर ज्या लहान देणगीदाराला वजावट नकोच आहे, त्याच्याबद्दल एक सोपा, स्पष्ट नियम हवा. दोन हजारांपर्यंतच्या देणगीला नाव आणि पत्ता आमच्या वहीत असला की पुरे, असं लिहून द्या. लेखापरीक्षक ती वही तपासतातच. आणि स्वयंसेवकांचे दिवस नोंदवायला आमच्या वार्षिक विवरणात एक रकाना द्या. त्यावर करसवलत मागत नाही. नोंद झाली तर अनुदान देणाऱ्यांना ती दाखवता येईल.

परदेशातल्या आपल्या माणसांचा विषय गृह मंत्रालयाचा आहे, म्हणून एवढंच. आमच्या एका कार्यकर्त्याची भाची न्यू जर्सीत असते. तिने वाढदिवसाला पन्नास डॉलर पाठवायचे म्हटले आणि आम्हाला नाही म्हणावं लागलं. तिच्याकडे आता अमेरिकेचं नागरिकत्व आहे, आणि आमच्याकडे परदेशी देणगीची नोंदणी नाही. भारतीय पासपोर्ट असलेला तिचा भाऊ तिथूनच स्वतःच्या बचतीतले पैसे पाठवू शकतो. हा फरक तिला फोनवर समजावून सांगताना मला फार वाईट वाटलं. आपण संबंधित मंत्रालयाच्या कानावर घातलंत तर बरं होईल.

डोंबिवलीचे ते गृहस्थ यंदाही आले होते. जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. पाकिटात या वेळी सातशे होते. मी पॅन विचारला. त्यांनी खिशातून कार्ड काढलं, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये नीट ठेवलेलं, आणि माझ्यापुढे धरून म्हणाले, “याचा मला काही उपयोग नाही, पण तुमचं काम अडायला नको.” मी नंबर उतरवून घेतला. दोनदा तपासला.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एका ग्रामविकास संस्थेची खजिनदार
मोखाडा, जि. पालघर