अण्णा, आवाज लिंक रॉडचा होता. शॉकअप तुम्ही शोधलेत

अण्णा, सप्रेम नमस्कार.

गाडी दुरुस्तीचं बिल चुकतं झालं, वर चहाही तुम्हीच पाजलात, म्हणजे व्यवहार तिथेच संपला. पण तुम्ही केलेलं एक काम त्या बिलात कुठेच नाही, म्हणून हे पत्र. उघडच लिहितोय, कारण सोलापुरात जुनी गाडी ओढणारा मी काही एकटा नाही.

आम्ही तुमच्याकडे आलो ते फक्त आवाजासाठी. स्पीडब्रेकर सावकाश ओलांडताना किंवा बारक्या खड्ड्यातून जाताना डाव्या पुढच्या चाकाकडून टकटक यायची. त्याआधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी जॅकवर न घेताच चारही शॉकअप (चाकाचे हेलकावे आवरणारे), दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे) आणि वरचे माउंट (शॉकअप वर बसतो ती जागा) अशी यादी कागदावर मिळाली होती. आकडा बघून बायको म्हणाली, एवढ्यात दुसऱ्या गाडीचं डाउन पेमेंट होईल.

तुम्ही पान्याला हात लावण्याआधी गाडी विजापूर रोडला काढलीत. काचा खाली, एसी बंद, मला शेजारी बसवून एकच सूचना : "बोलू नका सर." एप्रिलच्या उन्हात एसी बंद ठेवून गाडीचं ऐकत बसायचं म्हणजे गंमत नाही, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. मोकळा रस्ता बघून तुम्ही जरा जोरात ब्रेक मारलात आणि गाडीनं नाक पार खाली घातलं. तुम्ही नुसतं "हं" केलंत.

दुकानात आल्यावर बोनेटच्या एकेका कोपऱ्यावर अंगाचा भार टाकून दाबलंत आणि सोडलंत. उजवा कोपरा वर आला, जरा हलला, थांबला. डावा मात्र हलतच राहिला. मग गाडी जॅकवर, खाली घोडी लावून. लिंक रॉड, म्हणजे गाडीला कलू न देणाऱ्या आडव्या दांडीला चाकाकडच्या भागाशी जोडणारी छोटी दांडी, हातात धरून हलवलात तर त्याचा बॉल जॉइंट खुळखुळत होता. "हा बघा तुमचा आवाज."

अण्णा, इथेच तुम्हाला थांबता आलं असतं. लिंक रॉड काही शे रुपयांचा. तो बदलला की टकटक बंद, गिऱ्हाईक खूश, आणि मीही तुमचं कौतुक करतच घरी गेलो असतो. पण ब्रेक मारल्यावर खाली गेलेलं ते नाक तुमच्या डोक्यातून गेलं नव्हतं. लिंक रॉडमुळे गाडी आवाज करते, नाक घालत नाही, हे तुम्हाला माहीत होतं, मला नव्हतं.

डाव्या शॉकअपवरचं धुळीचं रबर वर सरकवून तुम्ही मला वाकायला लावलंत. खाली तेलाचा ओघळ, त्यावर चिकटलेली काळी माती. "नुसतं ओलसर असलं तर चालतंय, हे वाहिलंय." नंतर माझा तळवा टायरवरून फिरवायला लावलात. डोळ्यांना टायर ठीक दिसत होता, हाताला मात्र उंचवटा, खळगा, परत उंचवटा असं लागत होतं. चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारत चालतं तेव्हा टायर असा कट खातो, हे तेव्हा कळलं. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप पेलत नाही, तो स्प्रिंगचं उड्या मारणं थांबवतो. आतलं तेल पिस्टनच्या बारीक भोकांतून जाताना जो अडसर होतो, तोच त्याचा जोर. तेल गेलं की जोर गेला. तुमच्या शब्दांत : "पाळणा थांबवायला कुणीतरी हात लावावा लागतो की नाही? तो हातच गेलाय."

गळत होता डावा एकटा, तरी तुम्ही पुढचे दोन्ही बदललेत. एक नवा आणि एक थकलेला असला की ब्रेकला आणि वळणाला दोन बाजू दोन तऱ्हेनं वागतात, हे कारणही सांगितलंत. लोअर आर्मच्या रबरी बुशला टॉमी (लोखंडी पहार) लावून बघितलीत, वरच्या माउंटचं बेअरिंग बोटानं फिरवून बघितलंत. "ह्याला काय झालं नाही, कशाला बदलायचं?" त्या कागदावरचा निम्म्याहून जास्त आकडा या एका वाक्यात उडाला.

स्प्रिंग कंप्रेसर लावताना आम्हा सगळ्यांना बाजूला हाकललंत, ते बरंच केलंत. दाबलेली स्प्रिंग सुटली तर काय होईल याची कल्पना आम्हा बघ्यांना कुठे असते? नवा शॉकअप उभा धरून आधी चार-सहा वेळा दाबून-ओढून घेतलात. आणि तुमच्या पोऱ्यानं त्याचा चकचकीत दांडा पकडीनं धरायला हात पुढे केला, तेव्हा तुम्ही तेलुगूत जे काही ओरडलात त्याचा अर्थ विचारायची माझी हिंमत झाली नाही. दांड्यावर ओरखडा पडला की तो सील कापतो आणि नवा मालही गळायला लागतो, एवढं नंतर शांतपणे सांगितलंत.

चाकांचा कोन जुळवायचं, अलाइनमेंटचं मशीन तुमच्याकडे नाही. तरी "दोन बोल्ट खोललेत, चाकाचा कोन हलला असणार, ते केल्याशिवाय लांब जाऊ नका" म्हणून दुसऱ्याच्या दुकानात पाठवलंत. ते केलं, आणि मगच आईला घेऊन तुळजापूरला गेलो. मागच्या सीटवर ती एरवी घाटभर वरचं हँडल धरून "सावकाश रे" म्हणत असते. या वेळी अर्धा घाट तिनं मावशीशी फोनवर बोलण्यात काढला, आणि देवीइतकंच तुमचंही नाव घेतलं.

कट खाल्लेल्या टायरची घूंघूं अजून येते. ती शॉकअप बदलून जाणार नाही, हे तुम्ही आधीच बजावलं होतं, त्यामुळे तक्रार नाही. मागचे शॉकअप पावसाळा काढतील म्हणालात, तर दिवाळीच्या आधी दाखवायला आणतो. तेव्हा चहा माझ्याकडून, आणि आईनं बांधून दिलेली शेंगाचटणी घ्यायला नाही म्हणू नका.

आपला,
पांढऱ्या गाडीवाला
(जुळे सोलापूर)