क्रिलच्या टनांना महिनेही लावा: केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री,
नवी दिल्ली यांस,

सप्रेम नमस्कार.

मी वर्सोवा कोळीवाड्यातली. बाबा डोलकर, आई बाजारात टोपली घेऊन बसायची आणि मी बारावीला प्राणिशास्त्र शिकवते. पत्राचा विषय आहे अंटार्क्टिकातले सील, म्हणजे तिथल्या समुद्रातले सस्तन प्राणी, आणि त्यांचा घास असलेलं क्रिल. वर्गात सील हा शब्द काढला की मागच्या बाकावरून हमखास विचारतात, "कोणी केलं, बीएमसीने?" मुंबईत सील म्हणजे दुकानाला ठोकतात ते. तेव्हा जरा सविस्तर लिहिते, राग नसावा.

आमच्या घरी मे महिन्यात पत्र्याचा एक मोठा डबा भरला जायचा. सुके बोंबील, सोडे, जवळा. १ जून ते ३१ जुलै बंदी, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या. आजी दर आठवड्याला डब्यात हात घालून बघायची. मनगट बुडालं की 'तळ लागतोय' म्हणायची, आणि त्या दिवसापासून कालवणात बटाटे वाढायचे. हिशेब टनांचा नव्हता, महिन्यांचा होता. नारळी पौर्णिमा किती लांब आहे, त्यावर घास ठरायचा.

सीलचा डबा त्याच्या कातडीखाली असतो. चरबीचा तो थर म्हणजे शिधाही आणि घोंगडीही. शिधा खाल्ला की घोंगडी पातळ होते, म्हणून थंड पाण्यातल्या सीलला उपाशी राहणं दुप्पट महाग पडतं. तो डबा किती भरलाय हे बघायची शास्त्रज्ञांची युक्ती मला फार आवडते. हत्ती सीलच्या अंगावर खोली नोंदवणारं छोटं यंत्र चिकटवतात. बुडी मारताना सील मधेच वल्हवायचं थांबवतो आणि नुसता तरंगत राहतो. तेव्हा रोडावलेला असेल तर भराभर खाली जातो, गुटगुटीत असेल तर हळू जातो, कधी वरही येतो. त्या वेगावरून चरबीचा अंदाज लागतो. आजीचं मनगट, दुसरं काय!

आता मुद्द्याच्या जवळ येते. सीलच्या आयांमध्ये दोन तऱ्हा आहेत. क्रॅबईटर सील नावापुरता खेकडे खाणारा. खातो मुख्यतः क्रिल, आपल्या जवळ्याचा लांबचा भाऊबंद म्हणा. त्याच्या दातांना नक्षीसारखे फाटे असतात, त्यातून पाणी गाळून क्रिल आत राहतं. त्याची मादी साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये तरंगत्या बर्फावर विते आणि तीनेक आठवडे जवळपास काही न खाता पिल्लाला पाजते. पिल्लू रोज चारेक किलोने वाढतं. आई मात्र काही वेळा निम्मी होऊन उठते. ही साठवणीवर जगणारी.

दुसरी अंटार्क्टिक फर सील. तिचं हातावर पोट. पिल्लू होतं नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात, आणि पाजणं चालतं चारेक महिने. समुद्रावर जायचं, काही दिवस क्रिल खायचं, परत येऊन एक-दोन दिवस पाजायचं, की पुन्हा निघायचं. तोवर पिल्लू किनाऱ्यावर उपाशी. क्रिल जवळ नसलं तर तिची फेरी लांबते आणि पिल्लाचं वजन वाढत नाही. माझी आई पहाटे ससून डॉकला जायची, माल महाग असला की दुपार उलटून यायची. आम्ही दाराशी बसलेलो असायचो. मला ही मादी समजायला पाठ्यपुस्तक लागलं नाही.

पिल्लं सुटल्यावर सगळं संपलं असंही नाही. कात टाकायचे आठवडे येतात. हत्ती सील तर केसांबरोबर कातडीचे पापुद्रेही टाकतो आणि महिनाभर जमिनीवर उपाशी पडून राहतो. मग हिवाळा, म्हणजे आपले जून ते ऑगस्ट. बाहेरून बघणाऱ्याला तो रिकामा काळ वाटतो, पण मादी तेव्हा गाभण असते. पुढच्या वसंतातलं दूध तिला याच महिन्यांत कमवायचं असतं.

आणि आपण मोजतो काय? वर्षाचे टन. दक्षिण अटलांटिकच्या बाजूला, ज्याला क्षेत्र ४८ म्हणतात, तिथे क्रिल पकडायची मर्यादा वर्षाला ६,२०,००० टन आहे. ती चार भागांत वाटलेली होती; अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या वाट्याला २५ टक्के, म्हणजे १,५५,००० टन. २०२४च्या अखेरीस या वाटणीची मुदत संपली आणि ती वाढवण्यावर, ही मर्यादा ठरवणाऱ्या अंटार्क्टिक सागरी जीवसंपदेच्या आयोगात, सदस्य देशांचं एकमत झालं नाही. नंतरच्या हंगामात काय झालं ते आपल्या मंत्रालयाला ठाऊक आहेच. हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंतचा, पण ६,२०,००० टनांचा आकडा ऑगस्ट २०२५ मध्येच गाठला गेला आणि मासेमारी बंद करावी लागली. कागदावर मर्यादा पाळली गेली. कुठल्या किनाऱ्यासमोर, कुठल्या महिन्यात, हे त्या एका आकड्यात दिसत नाही. (आणि हे सगळं कशासाठी? बरंचसं सॅल्मनच्या खाद्यासाठी, आणि औषधाच्या दुकानातल्या क्रिलच्या तेलाच्या लाल कॅप्सूलसाठी.)

महिन्यांचा हिशेब अवघड आहे, असं कोणी सांगितलं तर ऐकू नये. अंटार्क्टिकातल्या सीलच्या रक्षणासाठी १९७२ साली झालेल्या करारात तो आहे. १ मार्च ते ३१ ऑगस्ट शिकार बंद, आणि मोठे वेडेल सील १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी मारायचे नाहीत, असं तिथे तारखांसकट लिहिलंय. साउथ जॉर्जिया बेटाभोवती क्रिलची मासेमारी फक्त १ मे ते ३० सप्टेंबर चालते, कारण तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, पिल्लांच्या आयांना ते क्रिल लागतं. उन्हाळा सोडला, एवढं ठीकच. पण सगळ्या बोटी मग हिवाळ्यात एकाच खाडीत घुसल्या तर गाभण मादीचं काय, हा प्रश्न माझ्या मते अजून कोणी नीट हाती घेतलेला नाही.

अंटार्क्टिक सागरी जीवसंपदेच्या आयोगात भारत १९८६पासून आहे. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रातल्या संरक्षित क्षेत्रांच्या प्रस्तावाला २०२१ मध्ये सहप्रस्तावक म्हणून आपण पाठिंबा दिलात, तेव्हा मी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. आयोगाची बैठक दर ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला होते. येत्या बैठकीत भारताने संपलेली वाटणी परत आणण्याचा आग्रह धरावा आणि प्रत्येक भागाच्या टनांपुढे महिनेही लिहून घ्यावेत, एवढीच मागणी आहे. मैत्री आणि भारती या आपल्या अंटार्क्टिकातल्या तळांवर माणसं बारा महिने राहतात. भारतीच्या आसपास, लार्समन टेकड्यांपुढच्या बर्फावर, वेडेल सील येतात. ते कधी येतात, कधी जातात, पिल्लं किती दिसली, याची महिनावार नोंद आपल्याकडून होबार्टच्या टेबलावर गेली तर आपल्या बोलण्याला वजन येईल.

आम्ही काही धुतल्या तांदळाचे नाही. बंदीतही चोरून बोटी जातात, मासे ओढायला लावलेले एलईडीचे दिवे रात्री आम्हाला किनाऱ्यावरून दिसतात, आणि बोटभर पापलेट बाजारात विकायला येतं हे मी स्वतः बघते. तरीही कोळीवाड्यात जून-जुलैचे दोन महिने का सोडायचे, हे शेंबड्या पोरालाही विचारा, गाभोळीकडे बोट दाखवेल.

वाटणीची मुदत संपत होती त्या बैठकीत भारताने काय भूमिका घेतली, तेवढं कळवावं. उत्तर मराठीत नसलं, हिंदीत असलं तरी चालेल. बारावीच्या वर्गात वाचून दाखवीन.

आपली,
वर्सोव्याची एक शिक्षिका