काका, तो पंप आणि ती टॉर्च, दोन्हीसाठी थँक्यू

काका, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. छोटा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, जिवंत कोरल म्हणजे प्रवाळ असलेला टँक) सुरू करणाऱ्या कुणाला तरी उपयोग झाला तर आणखी चांगलं.

माझा टँक 60 बाय 30 बाय 30 सेंटीमीटरचा, म्हणजे 54 लिटर, आणि दगड-वाळूची जागा सोडली तर खरं पाणी जेमतेम 45 लिटर. त्यात मी ताशी 6000 लिटरचा वेव्हमेकर, म्हणजे टँकमधलं पाणी हलवणारा पंप, लावून बसले होते, कारण दुकानात सांगितलं की रीफला फ्लो, म्हणजे पाण्याचा प्रवाह, जेवढा जास्त तेवढा चांगला, आणि मला ते पटलं. तिसऱ्या दिवशी उजव्या कोपऱ्यातली वाळू उडून खालची काच दिसायला लागली, एक मशरूम कोरल दगडावरून सुटून मागे जाऊन पडलं, लेदर कोरल एकाच बाजूला वाकून राहिलं आणि क्लाउनफिश हीटरच्या आडोशाला बसून राहायचे. आणि एवढा जोर असूनही मधल्या दगडाच्या मागे लाल सायनोचा (शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंचा) थर वाढतच होता! मला काहीच उलगडा होईना.

तुम्ही चिंचवडहून कोथरूडला आलात, ते पण पावसात, आणि पहिली गोष्ट काय केलीत तर खोलीतले सगळे दिवे बंद करायला लावले. टँकच्या बाजूने टॉर्च धरली, मोठ्या सिरिंजमधून चिमूटभर ब्राइन श्रिम्प (माशांचं बारीक खाणं) पाण्यात सोडलं आणि म्हणालात, आता पंपाकडे नको, कणांकडे बघ. ते कण टॉर्चच्या उजेडात चमकत होते, समोरच्या काचेवर सरळ आपटून वर जात होते, आणि दगडामागे मात्र जे गेले ते हळूहळू खाली बसले, हललेच नाहीत. सायनो बरोब्बर तिथेच होतं. महिनाभर मी बॉक्सवरचे आकडे वाचत होते, पाणी कुठे जातंय हे एकदाही बघितलं नव्हतं.

मग तो कागदावरचा हिशोब. सॉफ्ट कोरलला ताशी टँकमधल्या पाण्याच्या साधारण 15 ते 20 पट फ्लो पुरतो, एसपीएसवाले (कडक सांगाड्याचे कोरल ठेवणारे) 40 पट आणि त्याच्याही वर जातात, पण माझ्याकडे झोआ (छोट्या फुलांसारखे दिसणारे), मशरूम आणि लेदर, म्हणजे 45 गुणिले 20, झाले 900 लिटर. "आकडा फक्त सुरुवातीला, नंतर कोरल सांगेल," हे तुमचं वाक्य मी टँकच्या कॅबिनेटवर आतून लिहून ठेवलंय. माझा वेव्हमेकर कमी करता येणारा नव्हताच, तर तुम्ही पिशवीतून श्रीखंडाचा डबा काढलात, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तुमचा जुना डीसी पंप, वेग कमी-जास्त करायच्या कंट्रोलरसकट. मी पैसे विचारले तर रागावलात.

तो तुम्ही डाव्या काचेवर, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, समोरच्या काचेकडे तिरका लावलात, म्हणजे धार कुठल्याही कोरलवर थेट न जाता काचेवर फुटून वळते. फिल्टरचं पाणी सोडणारं तोंड विरुद्ध बाजूने, त्यामुळे मधे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळतात. आणि पंप पल्स मोडवर, म्हणजे थांबून थांबून जोर देणारा. का, तर तुम्ही मालवणचे, तुम्ही सांगितलंत की समुद्रात पाणी नुसतं पुढे जात नाही, परत पण येतं. डिसेंबरमध्ये मी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला गेले तेव्हा पाण्यात तोंड घालून मुद्दाम तेवढंच बघितलं. सगळं एकदा इकडे झुकतं, क्षणभर थांबतं, मग तिकडे. खरंच सांगते, डोळ्यात पाणी आलं.

पुढचे काही दिवस मी तुम्हाला रोज फोटो पाठवले, तुम्ही प्रत्येकाला उत्तर दिलंत. लेदर मिटलं आणि त्यावर मेणासारखी चकचकीत कात दिसायला लागली तेव्हा मी इतकी घाबरले होते, तुम्ही म्हणालात ते कात टाकतंय, पाणी हलतं असलं की ती आपोआप निघून जाते, पंप थोडा तिकडे वळव आणि हात लावू नको. पाचव्या दिवशी कात फाटून तरंगत गेली आणि संध्याकाळी सगळे पॉलिप (कोरलची छोटी तोंडं) बाहेर! बारीक, तपकिरी, प्रत्येकाच्या टोकाला चांदणी. ते जागचं हलू शकत नाही, खाणं आणायचं, ऑक्सिजन आणायचा, घाण न्यायची, सगळं पाण्यानेच करायचं, हे मला त्या दिवशी खरं समजलं.

आणि लाइट जाण्याचं तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत म्हणून वाचले. पंप 12 व्होल्टचा आहे, तर राउटरच्या छोट्या 12 व्होल्टच्या यूपीएसवर चालतो का बघून ठेव म्हणालात, पिन आणि अँपिअर तपासून मी तो जोडला होता. गेल्या आठवड्यात रात्री चार तास लाइट नव्हती, मेणबत्ती घेऊन बघितलं तर पाण्याच्या वरच्या थरावर लाटा चालूच होत्या, मासे नीट श्वास घेत होते.

आता तुमचा पंप परत द्यायचाय, मी तसाच नवीन घेतलाय. पांढऱ्या व्हिनेगर-पाण्यात रात्रभर ठेवून, ब्रशने इंपेलरवरचा (आतल्या फिरत्या पात्यांवरचा) चुना काढून त्याच श्रीखंडाच्या डब्यात ठेवलाय. रविवारी घेऊन येते. झोआचा एक छोटा तुकडा पण आणतेय, सहा तोंडं आहेत, तुमच्या टँकमध्ये खाली डावीकडे जागा आहे ना? काकूंना सांगा जेवायला थांबणार आहे.