निघायच्या आधीचं कोणी लिहीत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत नर्मदा परिक्रमेवरचे लेख अधूनमधून येतात. मी ते कापून ठेवते. उन्हाळ्यात ते सगळे काढून एका बैठकीत वाचले, आणि धीर यायच्या ऐवजी होता तोही गेला. लिहिणारे सगळे परत आलेले. वाट चुकली तेव्हा एक पोरगं कसं आलं आणि रस्ता दाखवून कसं दिसेनासं झालं, हे जवळपास प्रत्येक लेखात आहे. घरून निघायच्या आधी पोटात काय होत होतं, हे एकाही लेखात नाही. मी अजून निघालेली नाही, म्हणून मला ते लिहिता येतं.

मी अकोट तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय सदुसष्ट. मालक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यांच्या मागे मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. मुलगा-सून पुण्याला, मुलगी अमरावतीला. चार एकर कोरडवाहू बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलेलं आहे. यंदा कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलायची, पायी आणि एकटीनं, असं ठरवलं आहे.

गावात पहिला प्रश्न ठरलेला. "कोनासंग जाऊन राहिली वं काकू?" कोणासंगच नाही म्हटलं की दुसरा प्रश्न हळू आवाजात येतो, "सुनेसंग काही झालं का?" म्हातारी बाई एकटी निघाली म्हणजे घरात भांडणच झालं असणार. माझ्या सुनेनं तर पुण्याहून चालायचे बूट पाठवले आहेत. मुलगा मात्र फोनवर चिडतो. एरवी तो पुणेरी बोलतो, चिडला की वऱ्हाडी होतो. "आई, वाटीत तुले काही झालं तं आमाले कोन सांगन?" याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ते मी त्याला तसंच सांगितलं.

दुसऱ्या बाजूला भक्तमंडळी. त्यांचं म्हणणं, मैया सगळं पाहते, तू फक्त नर्मदे हर म्हण. मला या दुसऱ्या लोकांचाच जास्त त्रास होतो. जाऊ नको म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. इथं गुडघ्याचं काही विचारलं की माझी श्रद्धाच कच्ची ठरते आणि विषय संपतो.

एकटीच का, हेही सांगते. आमच्या भजनी मंडळाच्या बाया बसनं परिक्रमा करून आल्या, मजेत आल्या. मलाही बोलावलं होतं. पण निंदणाला पात लागली की शेजारणीच्या बरोबरीनं हात चालवावा लागतो, मागं पडलं की सगळी ओळ पाहते. असं माझं सगळं आयुष्य कोणाच्या ना कोणाच्या बरोबरीनं गेलं. आता दोन महिने पहाटे पोपटखेडच्या रस्त्यानं चालते आहे, समोर नरनाळ्याचा डोंगर असतो, आणि माझी चाल किती हळू आहे हे मला नीट कळलं आहे. या चालीनं मला कोणाला थांबवायचं नाही.

आता भीतीचं. नदीची लांबी १३१२ किलोमीटर. तिला उजव्या हाताला ठेवायचं, कुठंही ओलांडायचं नाही, म्हणजे दोन्ही काठ मिळून अडीच हजार किलोमीटरच्या वर. परंपरेनं याला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागत. हल्ली लोक पावसाळ्याच्या आत पुरी करतात. मला तसं जमलं नाही तर चातुर्मास एका जागी काढावा लागेल, त्याची मनाची तयारी केली आहे. जुन्या वर्णनांत शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे काठच्या जंगलात, वाटसरूंना लुटत असत, लंगोटीसुद्धा ठेवत नसत, असं आहे. ती काठावरची वाट आता बरीचशी सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. धरण पूर्ण भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटरवर येतं. पाणी कुठवर पसरतं आणि त्यामुळं कुठून डोंगर चढावा लागतो, हे पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसाचं वाचून कसं कळणार? नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून माझ्यासारखीनं जावं की सडक मार्ग धरावा, हे मला आजच्या माणसाकडून हवं आहे.

मग नावेची भीती. दक्षिण काठ संपला की विमलेश्वरकडून नावेनं पलीकडे मिठी तलाईला जायचं, भरती-ओहोटी पाहून, समुद्राच्या तोंडातून. मी पोहू शकत नाही. आमच्या वऱ्हाडात गजानन महाराजांची गोष्ट लेकरालाही पाठ असते. सोमवतीला ओंकारेश्वरला गेले, खेडीघाटाकडे परतताना नाव खडकाला लागून तळ फुटला, तर नर्मदा कोळ्याच्या मुलीच्या रूपात येऊन भोकाला हात लावून बसली. गोष्ट ऐकताना डोळे भरून येतात. पण त्या नावेत महाराज होते. माझ्या नावेत अंकलेश्वरच्या बाजाराची पोती नि माझ्यासारखेच पाच-पन्नास घाबरलेले असतील.

बाकी किरकोळ वाटतील अशा गोष्टी आहेत, रात्री मात्र त्याच उठवतात. रक्तदाबाची अम्लोडिपिन मला आरोग्य केंद्रातून महिन्याच्या महिन्याला मिळते. वाटेत मध्य प्रदेशात, गुजरातेत सरकारी दवाखान्यात ती मागता येते का, की सहा महिन्यांची विकत घेऊन पाठीवर न्यायची? लुगडं सोडून पंजाबी ड्रेस घालावा असं मुलगी म्हणते. जन्मात घातला नाही. पण ओलं लुगडं थंडीत दुपारपर्यंत वाळत नाही हे मलाही कळतं. पहाटे घाटावर पुरुषांची आंघोळीची गर्दी व्हायच्या आत बाईनं उरकायचं म्हणजे किती वाजता उठायचं? आडोसा कुठं मिळतो, कुठं मिळत नाही? तुमच्या लेखांत सूर्योदय फार सुंदर आहेत, पण यावर एक ओळ नाही. लिहिणारे बहुतेक पुरुष आहेत म्हणून असेल.

पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. निघायच्या आधी मी जिवंत असल्याची सही करून जाणार आहे. मुलाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

कापसाचेही तेच दिवस. दिवाळीनंतर वेचणी जोरात असते आणि बाया मिळत नाहीत. बटईदार म्हणतो, जाय तू बिनघोर. पण बोंडं फुटलेली असताना गाव सोडायचं, हे माझ्या हातांना पटत नाही.

पूर्वी अकोटच्या स्टेशनावर मीटर गेजच्या गाडीत बसलं की धूळघाटची वळणं घेत सातपुडा ओलांडून खंडवा, आणि त्याच रुळावर पुढं ओंकारेश्वर रोड. २०१७ पासून ती बंद आहे. अकोला ते अकोट रूळ रुंद झाले, पण खंडव्याला जायला आता भुसावळवरून फिरावं लागतं. असो, हा वेगळ्या पत्राचा विषय.

सगळ्यात मोठी भीती यातली एकही नाही. ती खाण्याची आहे. शेगावला पायी जाणाऱ्या दिंड्या आमच्या दारावरून जातात. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना पिठलं-भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा वाढत आले आहे. वाढणाऱ्याचा हात कसा असतो ते मला माहीत आहे. कोणी तिसऱ्यांदा मागितलं की आतून काय वाटतं, तेही माहीत आहे, आणि ते चेहऱ्यावर दाखवायचं नसतं हेही. आता परिक्रमेत मी दुसऱ्याच्या ओसरीवर आसन लावणार, सकाळी कोणी बालभोग देईल, कोणी सदावर्तात पीठ-डाळ-मीठ देईल, आणि मला ते हात पसरून घ्यायचं आहे. माझ्याजवळ पेन्शन आहे. ज्या खोपटातून मला भाकर येईल तिथं कदाचित नसेल. पैसे देऊ केले तर त्यांचा अपमान, न देता उठले तर माझा घास अडकणार. मुलीशी बोलले तर म्हणाली, "आई, तू दिंडीतल्या लोकांकडून कधी पैसे घेतले का?" नाही घेतले. तरीसुद्धा वाढणं सोपं आहे, पानावर बसणं मला जड जातं. यावर परिक्रमेतले लोक काय करतात? कोणी वाटेत भांडी घासून देतात, कोणी लेकरांना शिकवतात, असं ऐकलं आहे. मी भाकरी थापून देऊ शकेन, हातावरच्या, कितीही.

तर विनंती अशी, की अकोला, बुलढाणा, अमरावतीकडच्या ज्या बाया साठीनंतर एकट्या चालून आल्या असतील त्यांना आपण लिहायला सांगावं. चमत्कार नंतर वाचू. आधी गोळ्या, गुडघा, लुगडं, आडोसा आणि दुसऱ्याच्या घरचा घास, एवढं लिहा. अक्षर, शुद्धलेखन कसंही असो, आपण दुरुस्त करालच. आणि हे कार्तिकीच्या आत छापावं. त्यानंतर माझ्या घरी पेपर बंद ठेवायला सांगितलं आहे.

आपली,
एक वाचक,
ता. अकोट, जि. अकोला
(कृपया नाव छापू नये. मुलाला पुण्यात कोणी दाखवलं तर पुन्हा फोन येईल.)