पिस्तुलाच्या पहिल्या २०० गोळ्यांसाठी काकांचे आभार

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

आपण आभार मानून घेत नाही, हे मला ठाऊक आहे. मागच्या शनिवारी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, मी दोन शब्द बोलू लागले, तेव्हा आपण लगेच झाडू हातात घेऊन जमिनीवरच्या झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायला लागलात आणि विषय तिथेच संपला. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण एवढेच की इथे ह्यूस्टनमध्ये माझ्या ओळखीतच पाच-सहा मराठी घरे अशी आहेत, ज्यांनी स्वतःच्या संरक्षणासाठी पहिल्यांदाच पिस्तूल घेतले आहे, आणि दुकानातून बाहेर पडल्यावर पुढे काय करायचे हे सांगणारे त्यांना कोणी भेटलेले नाही. मला आपण भेटलात.

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या पाळीला असते. घरी परतायला रात्रीचे साडेअकरा होतात आणि यजमान महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असतात. शेजारच्या गल्लीत दोन घरफोड्या झाल्यावर आम्ही दोघांनी बराच विचार करून हा निर्णय घेतला. दुकानात शस्त्रखरेदीचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि नऊ मिलिमीटरचे, चार इंचांहून थोडी कमी नळी असलेले कॉम्पॅक्ट पिस्तूल, गोळ्या भरायच्या दोन मॅगझिनसह, हातात आले. कोल्हापुरात वाढल्यामुळे नेमबाजी हा शब्द मला परका नव्हता. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा आमच्या घरी पेढे आले होते. परंतु पाहणे वेगळे आणि स्वतःच्या मुठीत ते यंत्र धरणे वेगळे, शिवाय स्पर्धेतले पॉइंट टू टू चे पिस्तूल आणि हे नऊ मिलिमीटरचे आखूड पिस्तूल यांच्या स्वभावातही फार अंतर आहे. पिस्तुलाच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण जे घडले त्यातला बराचसा भाग नवेपणाचा आणि माझ्या अज्ञानाचा होता.

रेंजवरच्या त्या पहिल्या दिवशी ५० गोळ्यांच्या खोक्यातल्या ३७ गोळ्या झाडेपर्यंत पिस्तूल चार वेळा अडकले. चौथ्या वेळी रिकामी पुंगळी स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकणाऱ्या भागाच्या, तोंडात उभी अडकून राहिली, चुलीच्या धुराड्यासारखी. काय करावे हे विचारण्यासाठी मी पिस्तूल हातात तसेच ठेवून मागे वळू लागले. शेजारच्या कप्प्यातून आपला आवाज आला, "नळी समोर!" आपण ते मराठीत ओरडलात आणि मी जागच्या जागी थिजले. दोन कानपट्ट्यांच्या आतूनही ते दोन शब्द स्पष्ट ऐकू आले. नळी समोर राहिली, बोट चापावरून बाजूला आले, आणि आपण माझ्या उजव्या खांद्यामागे उभे राहून एकेक कृती सावकाश सांगत गेलात: मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये (झाडायची गोळी बसते त्या जागेत) डोळ्यांनी पाहा, मग करंगळी घालून पुन्हा खात्री करा, आता खाली ठेवा. पिस्तूल ठेवल्यावर माझे हात थरथरत होते. मी ज्या बाजूला वळत होते त्या बाजूच्या कप्प्यात एक बाप आपल्या मुलीला शिकवत होता. त्या दिवसाची आठवण आली की अजूनही काळजात धस्स होते, आणि आपण त्या क्षणी तिथे होता याबद्दल मी ज्या भावनेने हात जोडते, ती कोणत्याही शब्दात मावणार नाही.

मराठीत का ओरडलात, असे मी नंतर विचारले. आत शिरताना मी फोनवर आईशी बोलत होते ते आपण ऐकले होते, आणि घाबरलेल्या माणसाला आपली भाषा आधी कळते, असे आपण म्हणालात.

मला त्याच दिवशी पिस्तूल परत करायचे होते. बाहेरच्या बाकावर बसून मी आपल्याला सांगितले की मला सदोष वस्तू मिळाली आहे. आपण वाद घातला नाहीत. फक्त विचारलेत, "चारपैकी किती वेळा कोणत्या मॅगझिनने अडकले?" मला सांगता आले नाही. "मनगट सैल होते की घट्ट?" तेही सांगता आले नाही. "आतून पुसून, तेल देऊन आणलेत का?" मी खोक्यातून काढून थेट आणले होते. तेव्हा आपण मला साफसफाईच्या टेबलापाशी नेलेत आणि स्लाइड उतरवून आतल्या पन्हाळ्या दाखवल्यात. कारखान्यातून निघताना गंज चढू नये म्हणून लावलेला चिकट थर तिथे तसाच होता आणि त्यात पहिल्या ३७ गोळ्यांची काजळी मिसळून काळी लापशी झाली होती. आपण ती सुती फडक्याने पुसून काढलीत, पन्हाळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे तेलाचे थेंब ठेवलेत, नळीच्या बाहेरच्या अंगाला बोटाने हलका हात फिरवलात, आणि स्लाइड चढवून माझ्या हाती दिलीत. दहा मिनिटांपूर्वी खरखरणारी स्लाइड आता सरकत होती.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आयुष्याची २९ वर्षे काढलेल्या माणसाकडून काडतुसाची गोष्ट ऐकायला मिळाली, हे माझे भाग्य. गोळी सुटते तेव्हा नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत थोडे अंतर बरोबरच मागे जातात, मग नळीचे मागचे टोक खाली झुकते, स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते, जाताना पुंगळी ओढून बाहेर फेकते आणि परतताना मॅगझिनमधली नवी गोळी ढकलत चेंबरमध्ये नेते. हे सगळे डोळ्याची पापणी लवायच्या आत होते. मोठ्या पिस्तुलात या प्रवासाला अंतर पुरेसे असते. आखूड पिस्तुलात स्लाइड हलकी, अंतर कमी आणि ते भरून काढण्यासाठी स्प्रिंग ताठ असते. त्यातून स्प्रिंग नवी, पन्हाळ्या कोरड्या आणि हाताची मूठ सैल असली की पिस्तुलाचा सांगाडाच स्लाइडबरोबर मागे येतो, स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो आणि पुंगळी दारात अडकते. इतके दिवस मला वाटत होते की पिस्तूल एक तर चालते किंवा चालत नाही. ते धरणाऱ्या मनगटावरही अवलंबून असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. आपण माझ्या पायांकडे बोट दाखवून म्हणालात, "कोल्हापूरच्या ना तुम्ही? नवी चप्पल चावली म्हणून कोणी चांभाराला परत देतो का? तेल देऊन, रोज थोडी घालून रुळवतात." मी परत करण्याचा विचार त्या बाकावरच सोडला.

मग आपण खिशातून एक छोटी रेघांची वही काढून दिलीत. मॅगझिनच्या बुडाला पांढऱ्या रंगाने एक आणि दोन असे आकडे घालायला सांगितलेत आणि प्रत्येक अडथळ्यासमोर चार गोष्टी लिहायला लावल्यात: कितवी गोळी, कोणते मॅगझिन, कोणते काडतूस, आणि काय दिसले. एका नामांकित अमेरिकी कंपनीच्या पुस्तिकेत, पहिल्या २०० गोळ्या झाडून होईपर्यंत पिस्तूल जवळ बाळगण्याइतके भरवशाचे समजू नये, असे स्पष्ट लिहिलेले असते, हे आपल्याकडूनच कळले. माझे पिस्तूल त्या कंपनीचे नसले तरी आपण तोच आकडा धरलात. काही कंपन्यांच्या पिस्तुलांना एवढ्या रुळवणुकीची गरज पडत नाही, हेही आपण प्रामाणिकपणे सांगितलेत, पण भरवसा मोजून घ्यायचा असेल तर मोजणी करावीच लागते, असा आपला आग्रह होता आणि तो मला मनोमन पटला.

वहीतली ती पाने आता माझ्यासमोर आहेत. पहिल्या दिवशी साफसफाईनंतरच्या १३ गोळ्यांत एक अडथळा. दुसऱ्या शनिवारी ११५ ग्रेनच्या, म्हणजे सुमारे साडेसात ग्रॅमची गोळी असलेल्या, तांब्याच्या पूर्ण आवरणाच्या १०० काडतुसांत तीन अडथळे: ५८ वी गोळी, ७१ वी आणि ११२ वी. ५८ व्या गोळीसमोर मी स्वतःच लिहिले आहे, "मनगट सैल, हात थकला." उरलेल्या दोन्हींसमोर मॅगझिन क्रमांक दोन. आपण ते मॅगझिन रिकामे करून त्याच्या वरच्या ओठावरून नख फिरवलेत आणि माझे नख धरून त्याच जागी फिरवायला लावलेत. पत्र्याची एक बारीक कच तिथे नखाला अडकत होती, डोळ्यांना दिसतही नव्हती. चार आठवडे डोके धरून बसले असते तरी ती मला सापडली नसती. दुकानाने ते मॅगझिन विनातक्रार बदलून दिले. तिसऱ्या शनिवारी ५० गोळ्या झाल्या आणि अडथळ्याच्या रकान्यात आपण आपल्या हाताने शून्य काढलेत. घरात प्रत्यक्ष ठेवणार ती पोकळ टोकाची काडतुसे वेगळी असतात, त्यांचा आकार चेंबरच्या उतारावर वेगळा वागू शकतो, म्हणून चौथ्या शनिवारी त्यांच्याही ५० झाडायला लावल्यात. ती महाग पडतात आणि मला मनात खटकले होते, हे कबूल करते. त्या पानावरही शून्यच आहे, आणि आज रात्री घरी एकटी असताना मला त्या शून्याचा फार आधार वाटतो.

त्या चार शनिवारांत आपण जे शिकवलेत त्यातले अर्धे पिस्तुलाबद्दल नव्हतेच. अमेरिकी नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांचे सुरक्षिततेचे चार नियम आपण मला मराठीत पाठ करून घेतलेत: प्रत्येक पिस्तूल भरलेलेच समजायचे, जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी रोखायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर, आणि लक्ष्य कोणते व त्याच्या मागे काय आहे याची खात्री. चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर निदान ३० सेकंद नळी समोरच धरून थांबायचे. आवाज दबका आला आणि झटका हलका लागला, तर पुढची गोळी कदापि झाडायची नाही, कारण आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते. हे दोन नियम सांगताना आपला आवाज खाली गेला होता, आणि कारखान्यातले काही आठवत असावे असे मला वाटले. मी विचारले नाही.

आवाज सुमारे १६० डेसिबल असतो, म्हणून बंद रेंजमध्ये कानात बोंडे आणि वरून कानपट्टी असे दोन्ही हवेच, हे आपण पहिल्याच दिवशी सांगितलेत. गळाबंद सदरा घालून येण्याचा सल्ला मी गरम पुंगळी एकदा कॉलरमध्ये पडल्यावर ऐकला. रेंजवरून निघताना थंड पाण्याने आणि साबणाने हात-तोंड धुवायचे, जोडे घराबाहेर काढायचे आणि ते कपडे वेगळे धुवायचे, कारण काडतुसाच्या धुरात शिसे असते आणि घरी नऊ वर्षांचा मुलगा आहे. बाहेरून आल्यावर पाय धुऊनच घरात यायचे, हे आजीने लावलेले वळण इथे आल्यावर सुटले होते, ते आपण पुन्हा लावलेत. तिजोरीचा विषय तर आपण मी काढण्याआधीच काढलात. टेक्सासच्या कायद्यानुसार निष्काळजीपणे ठेवलेले भरलेले हत्यार १७ वर्षांखालील मुलाच्या हाती लागले तर तो गुन्हा आहे, आणि तो नसता तरी आपण मला तिजोरी घेतल्याशिवाय दुसऱ्या शनिवारी यायला परवानगी दिली नसती, असे आपण म्हणालात. बोटाच्या ठशाने उघडणारी तिजोरी त्याच आठवड्यात पलंगाशेजारच्या भिंतीत बसवली.

पहिल्या दिवशी आपण मला 'तुम्ही' म्हणत होता. दुसऱ्या शनिवारी मी नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेल्या माशीकडे न पाहता लक्ष्याकडे पाहत होते, तेव्हा "अगं, माशी बघ, माशी! कागद धूसर दिसू दे!" असे म्हणालात, आणि तेव्हापासून 'तू' झाले. माहेर इतके दूर असताना ते 'अगं' ऐकून मला किती बरे वाटले, हे सांगायचे राहून गेले होते.

१ सप्टेंबर २०२१ पासून या राज्यात २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते, तरी आपण मला परवान्याची परीक्षा द्यायला लावलीत. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून ५० गोळ्या, एकूण २५० गुण, उत्तीर्ण व्हायला १७५. ती परीक्षा मी मागच्या गुरुवारी दिली. २३६ गुण मिळाले आणि पिस्तूल एकदाही अडकले नाही. गेलेले सगळे गुण पंधरा यार्डांवरचे आहेत आणि सगळी भोके डावीकडे खाली आहेत, म्हणजे चाप ओढताना मी अजूनही अख्खी मूठ आवळते आहे.

तो कागद मी जपून ठेवला आहे. आईने कोल्हापूरहून पाठवलेला कांदा-लसूण मसालाही आपल्यासाठी एका डब्यात भरून ठेवला आहे, आणि तो मात्र आपण नको म्हणू नये, अशी हात जोडून विनंती आहे. या शनिवारी सकाळी दहा वाजता मी नेहमीच्या कप्प्यात असेन. वहीची अकरा पाने अजून कोरी आहेत.

आपली कृतज्ञ,
ह्यूस्टनची आपली कोल्हापूरकर पुतणी